खुब्यातली पाहुणी

पेशंटवर चिडायचं नसतं, असं आम्हाला फिजिओथेरपीच्या कॉलेजात शिकवलं होतं. मी ते नोकरीच्या पहिल्याच वर्षी विसरले. राहुरीहून स्कूटीवर निघायचं, खड्डे चुकवत सोनई गाठायची, आणि तिथं पेशंटनं तोंड भरून सांगायचं की काल पाव्हणे आले होते म्हणून व्यायाम राहिला. अशा वेळी गोड बोलणारी माणसं असतात. मी त्यातली नाही. गोजरबाईंवर तर मी जेवढी चिडले तेवढी आजवर कुणावर चिडले नसेन. म्हणूनच त्यांचं सगळं नीट सांगायचं आहे.

सोनईच्या बाहेर त्यांच्या मुलाचं, गोरक्षचं घर आहे. मागे चार गायी, पुढे पत्र्याची एक लांबट खोली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या खोलीत बासष्ट वर्षांची एक उंच, काटक बाई वॉकर धरून उभी होती. डावा पाय जमिनीपासून बोटभर वर. खुब्याच्या ऑपरेशनला तीन महिने होऊन गेले होते, पाय टेकवायची परवानगी मिळूनही पंधरा दिवस झाले होते. मी म्हटलं, "मावशी, टेकवा की पाय. दुखतोय का?"

"दुखत न्हाई," त्या म्हणाल्या.

"मग भीती वाटते का पडायची?"

"पडायची कशाला भीती? लई येळा पडले म्या."

"मग?"

 पाय तसाच अधांतरी. निकितानं, म्हणजे त्यांच्या सुनेनं, चहा आणला. त्यांना स्टीलच्या कपात, गोरक्षला स्टीलच्या कपात आणि मला कागदी कपात. माझं आडनाव फोनवरच विचारून झालं होतं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. राग मात्र आला. तो येतोच. मी चहा प्याले, कप चुरगळला आणि व्यायाम लिहून देऊन निघाले.

गोजरबाईंचं माहेर पारनेरकडचं, कोरडवाहू. तिकडे उन्हाळ्यात शेतात काम नसलं की बायका गोधड्या शिवायच्या. तोच हात घेऊन त्या सोनईला नांदायला आल्या. नवरा लवकर गेला. गोरक्षला वाढवता वाढवता त्यांनी चाळीस वर्षं गोधड्या शिवल्या, आणि त्याही बहुतेक मेलेल्या बायकांच्या लुगड्यांच्या. आमच्याकडे आई गेली की तिची चांगली दोन-तीन लुगडी लेकीसुना वाटून घेतात आणि उरलेल्यांची गोधडी करतात. मग नातवंडं आजीत झोपतात. पंचक्रोशीतून अशी गाठोडी गोजरबाईंकडे यायची.

गोधडी टेबलावर शिवता येत नाही. जमिनीवर थर पसरायचे, कडांना दगड ठेवायचे आणि धावदोरा घालत कडेकडून मधे सरकायचं. मधे सरकलं की गोधडीवरच बसावं लागतं. इथं गोजरबाईंचा एक नेम होता. गाठोडं आणणाऱ्याला त्या आधी विचारायच्या, "नाव काय हुतं तिचं?" नाव कळलं की कापडाला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि म्हणायचं, "सगुणाबाई, पाय देते गं तुझ्यावर. माफ कर." मगच पाय टाकायचा. साध्या माणसाला चुकून पाय लागला तरी आपण हात लावून नमस्कार करतो, मग हे तर गेलेलं माणूस, असा त्यांचा हिशोब. एकदा कुणीतरी बोहारणीकडून घेतलेल्या जुन्या साड्या आणून टाकल्या. कुणाच्या, काही पत्ता नाही. गोजरबाईंनी गाठोडं परत पाठवलं. गावानं चेष्टा केली, त्यांनी कुणाकडे लक्ष दिलं नाही.

पन्नाशी गाठायच्या आतच त्यांच्या डाव्या खुब्यातला हाडाचा गोळा सुकला. नगरला ऑपरेशन होऊन कृत्रिम सांधा बसला. डॉक्टरांनी बजावलं की मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर तर नाहीच नाही. गोजरबाईंनी मान डोलावली आणि सहा महिन्यांनी पुन्हा गोधडीवर बसल्या. दुखत नव्हतं ना! तेरा वर्षं दुखलं नाही. या सांध्याची हीच खोड आहे. आतली प्लॅस्टिकची वाटी झिजत जाते, तिची भुकटी हाडात शिरते आणि शरीर त्या भुकटीशी भांडता भांडता स्वतःचंच हाड खात बसतं. दुखायला लागतं तेव्हा फारसं काही उरलेलं नसतं. एका दुपारी गोजरबाई गोधडीवरून उठायला गेल्या आणि त्यांना उठताच आलं नाही. एक्स-रेत वाटी सुटून वर सरकलेली दिसली. पाय दीड इंच आखूड झाला होता.

दुसरं ऑपरेशन पुण्याला झालं. सर्जननं जुना सांधा काढला तेव्हा मागे नुसती पोकळी होती, नवा सांधा धरायला हाडच नव्हतं. अशा वेळी हाडांच्या बँकेतून हाड आणतात. ज्यांचा खुबा पहिल्यांदा बदलतात त्यांचा मूळचा गोळा काढावाच लागतो. तो टाकून देण्याऐवजी, माणसाची सही घेऊन, तपासण्या करून गोठवून ठेवतात. पुढे कुणाला गरज पडली की त्याचा चुरा करून पोकळीत ठोकून बसवतात. त्या चुऱ्यात आपलं शरीर हळूहळू जीव भरतं. अट एकच. सुरुवातीचे महिने त्यावर भार द्यायचा नाही आणि त्यानंतर मात्र द्यायलाच हवा. भार पडला नाही तर शरीराला वाटतं, या हाडाचं इथं काही काम नाही. मग ते विरघळून जातं.

संमतीची सही गोरक्षनं केली. आईला सांगितलं नाही, उगाच घाबरेल म्हणून. घरी आल्यावर निकितानं डिस्चार्ज कार्ड मोठ्यानं वाचलं आणि दात्याचं हाड म्हणजे काय ते सासूला समजावूनही सांगितलं. दुसऱ्याचं हाड बसवलंय हे त्यांना आधीच माहीत असेल, असं निकिताला वाटलं होतं. त्या दिवसापासून गोजरबाईंनी तो पाय जमिनीला लावला नाही.

हे सगळं मला तुकड्या-तुकड्यानं कळलं. तोवर मी आठवड्यातून दोनदा जात होते आणि दर वेळी डोकं फिरवून घेऊन परत येत होते. व्यायाम सगळे व्हायचे. पलंगावर पाय वर उचल, बाजूला ने, दाबून धर, सगळं चोख. उभं केलं की पाय वर. एकदा मी त्यांची टाच धरून खाली ओढली, तर त्या माझ्या हातात अशा थरथरायला लागल्या की मीच सोडून दिलं.

"ती जागी हाय," त्या म्हणाल्या. "आत्ता नगं."

भर दुपार होती. पत्रा तापून तडतडत होता. मी विचारलं, "कोण ती?"

"जी हाय ती. ऊन चढलं की आत कूस बदलती. पाव्हनीवानी ऱ्हाती, काय मागत न्हाई, बोलत न्हाई." त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला, झोपलेल्या मुलाचं पांघरूण नीट करावं तसा. "पन थंड हाय गं. एवढ्या उन्हात हात लावून बघ. थंडगार."

मी हात लावला. खुब्याची कातडी इतर कातडीसारखीच होती. पण मी हात पटकन काढून घेतला, हेही खरं आहे.

त्यांनी जेवणातला पहिला घास वेगळा काढायला सुरुवात केली होती. खिडकीच्या कठड्यावर भाकरीचा तुकडा, त्यावर चिमूटभर भाजी. मुंग्या लागायच्या, निकिता वैतागून पुसून काढायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा घास. खोलीच्या कोपऱ्यात अर्धवट शिवलेली एक गोधडी गुंडाळून पडली होती. तिकडे पाठ करून गोजरबाई बसायच्या. माझ्याशी बोलता बोलता मधेच थांबून कान द्यायच्या, आणि मीही नकळत थांबायची. मग मला माझाच राग यायचा. आमच्या घरात भूतखेत, पितर, नैवेद्य हे शब्द चेष्टेनंसुद्धा उच्चारलेले मला आठवत नाहीत. आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी आम्हाला स्मशानाजवळून शिट्टी वाजवत जायला शिकवलं होतं.

पुण्याच्या सर्जनचा फोन आला. "त्या भार घेत नाहीत म्हणे? नवीन एक्स-रेत हाड फिकं दिसतंय. महिन्याभरात पूर्ण भार आला नाही तर ही वाटीही सुटणार. तिसऱ्यांदा करायचं म्हटलं तर धरायला आता काहीच शिल्लक नाही. मग त्या कायमच्या खाटेवर. त्यांना हे स्पष्ट सांगा."

मी स्पष्ट सांगितलं. गोरक्षनं रडून सांगितलं. गोजरबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खाटंवर तर खाटंवर."

सर्वपित्रीच्या दिवशी मी जायला नको होतं. पण तोच माझा वार होता. अंगणात पानं मांडली होती. गोजरबाई खुर्चीत बसून एकेकाचं नाव घेत होत्या, सासरा, सासू, नवरा, आणि गोरक्ष घास ठेवत होता. शेवटी एक पान राहिलं. त्याला नाव नव्हतं. गोजरबाई तोंड उघडून नुसत्याच थांबल्या, मग हातानंच खूण केली. कावळे आले. बाकीची पानं त्यांनी उष्टी केली. त्या शेवटच्या पानाशी एक कावळा गेला, मान वाकडी करून उभा राहिला आणि उडून गेला. 

गोजरबाईंची नणंद रतनबाई त्या दिवशी आली होती. ती म्हणाली, "घास कसा शिवंल? कोनाचं हाड हाय, कोन्या जातीचं हाय, कोनाला ठावं?" आणि माझ्याकडे बघून गप्प झाली.

मी तिथंच भडकले. म्हटलं, "बाई, हाडाला जात असती तर एक्स-रेत दिसली असती. पंचवीस वर्षांच्या पोरीनं शिकवावं लागतंय तुम्हाला हे?" पंचवीस नव्हे, मी एकतीसची आहे, पण रागात आकडे कोण बघतं! गोरक्ष मधे पडला. मी स्कूटीला किक मारली आणि ठरवलं, पुन्हा इथं पाऊल टाकायचं नाही.

चार दिवस मी गेले नाही. पाचव्या दिवशी गेले. का गेले ते मला सांगता येत नाही. रस्ताभर तो वर उचललेला पाय मला दिसत होता, आणि महिना भरत आला होता.

खोलीत गोजरबाई एकट्याच होत्या. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. "आज मला खरं कारण सांगा. मग मी जाते."

 "तुला म्हाईत हाय, मी कशी गोधडी शिवती."

"निकितानं सांगितलंय."

"मंग? नाव ठावं न्हाई तिचं. कशी पाय देऊ? ह्ये तर कापडबी न्हाई, तिचं सवताचं हाड हाय. चालले की दर पावलाला तिला तुडवायची. इचारल्याबिगर? कोन हुती, कुनाची आई हुती, कशानं मेली..."

"मेलेली नसतात ती माणसं!" मी ओरडलेच. "किती वेळा सांगू? जिवंत माणसाचा खुबा बदलतात, त्याचं जुनं हाड असतं. मी स्वतः माझ्या आईचं दिलंय, तुमच्याच पुण्याच्या दवाखान्यात! काही झालं नाही तिला!"

"तुझ्या आईचं?"

"हो."

"कुठं असती तुझी आई?"

मी थांबले. मग म्हणाले, "गेली. दीड वर्ष झालं. त्याचा या हाडाशी काही संबंध नाही, हार्टअटॅक होता. भाकऱ्या थापता थापता गेली."

 मी बोलत राहिले, कारण आता थांबता येईना. आईचा खुबा संधिवातानं गेला होता. अडीच वर्षांपूर्वी तो बदलला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फॉर्म आला तेव्हा मीच तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "उकिरड्यावर टाकण्यापरीस कुनाला तरी चालतं करंल. आन इकडं पेन." नंतर वर्षभर ती छान चालली. ती गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी माईकवरून बोलले, अगदी नीट बोलले, लोकांनी कौतुक केलं. रडले नाही. लोकांना मी सांगते की वेळच मिळाला नाही.

गोजरबाईंनी हलकेच विचारलं, "मंग ह्ये तिचं असंल का?"

"मावशी, शेकडो माणसांची हाडं असतात तिथं. बँक कुणाचं नाव सांगत नाही. तो नियमच आहे."

"बँकंचं सोड. तू सांग."

खरं उत्तर मला माहीत होतं. शंभरात एक, किंवा त्याहूनही कमी. आईच्या हाडाची ती फ्रीजरमधली डबी कुठल्या गावच्या कुणाच्या खुब्यात गेली, हे मला मरेपर्यंत कळणार नव्हतं. पण समोर ती बाई होती, तिचा पाय होता आणि चार-पाच दिवस उरले होते. मी म्हणाले, "तिचंच आहे."

हे मी फक्त गोजरबाईंना चालवायला बोलले, असं मला त्या वेळी वाटलं.

"नाव काय तिचं?"

"भिमाबाई."

गोजरबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं आता उठतील. त्या उठल्या नाहीत. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. "तुला कागदाच्या कपात च्या देत्यात ना," त्या म्हणाल्या, "त्ये निकिताचं न्हाई. मीच सांगितल्यालं. आन आता तुझ्याच आईवर पाय देऊ? कोन्या तोंडानं इचारू तिला?"

 आमच्या माणसांवर पाय देताना या मुलखात आजवर कुणी कुणाला विचारलं होतं? माझी आजी पाटलाच्या वाटेवरून चपला हातात घेऊन जायची. आणि इथं एक बाई जन्माची पांगळी व्हायला तयार होती, पण विचारल्याशिवाय माझ्या आईवर पाय ठेवायला तयार नव्हती.  मी म्हटलं, "मला विचारा. मी तिची मुलगी आहे."

त्यांनी डाव्या खुब्याला हात लावला. तो कपाळाला लावला. "भिमाबाई," त्या म्हणाल्या, आणि दीड वर्षात दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते नाव असं हाक मारल्यासारखं मी ऐकलं नव्हतं. "भिमाबाई, पाय देते गं तुझ्यावर. माफ कर. पोरीला इचारलंय म्या."

"द्या," मी म्हणाले.

पाय खाली आला. आधी चवडा, मग टाच.  मग सगळा भार त्या पायावर गेला आणि गोजरबाईंनी "आई गं" असं काहीतरी म्हटलं. दुखून नव्हे. मी त्यांना धरायला हवं होतं, तेच माझं काम. मी नुसती बघत उभी राहिले.

त्यानंतर सगळं भराभर झालं. तीन आठवड्यांत वॉकर सुटला, दिवाळीनंतर काठीवर आल्या. कागदी कप पुढच्याच खेपेला बंद झाला, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, मीही नाही. एक्स-रेत हाड भरायला लागलेलं दिसलं. संक्रांतीपासून माझं तिथं काही काम उरलं नव्हतं. तरी मी जात होते. राहुरीपासून एवढं पेट्रोल जाळून, काम नसताना. गोरक्षनं एकदा दबकत विचारलं, "मॅडम, आईचं काय बिघडलंय का?" मी म्हटलं, फॉलोअप असतो.

गोजरबाई आता खुर्चीत बसून निकिताला टाका शिकवायच्या आणि मला आईच्या बातम्या द्यायच्या. "काल भिमाबाई गोठ्यापस्तोर आली." "तिला ठेचा आवडायचा का गं? मला मिरची सोसत न्हाई, पन आताशा खावा वाटतो." मी हसून सोडून द्यायची. एकदा त्या म्हणाल्या, "तुझी आई लई पहाटं उठवती बाई. चांदनी असती आभाळात, आन ही म्हनती चल. कुठं जायचं असतं तिला एवढ्या पहाटं?"

माझी आई पंचवीस वर्षं राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या शेतावर रोजंदारीला गेली. पहाटे उठून, पायी. मी हे सोनईत कुणाला सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना पहाटे जाग येतेच, ठेचा नगर जिल्ह्यात सगळ्यांनाच आवडतो, हे मलाही कळतं. त्या दिवशी पाटाच्या कडेला स्कूटी थांबवून मी बराच वेळ पाण्याकडे बघत बसले. घरी मात्र कुणाला बोलले नाही. आणखी एक सांगायलाच हवं. निघताना मी उंबऱ्यातून "येते गं" म्हणायला लागले होते. गोजरबाईंना मी अहोजाहो करते. हे "गं" कुणाला होतं, ते त्यांनाही कळत होतं, कारण त्या स्वतः उत्तर द्यायच्या नाहीत. नुसता डावा पाय थोडा पुढे सरकवायच्या.

असं वर्षभर चाललं. जानेवारीत पुण्याचे सर्जन जुने पेशंट बघायला नगरच्या एका दवाखान्यात आले. गोरक्ष गाडी घेऊन आला, मीही गेले. गोजरबाई काठीशिवाय आत गेल्या. सर्जननं त्यांना चालवून पाहिलं, एका पायावर उभं केलं, मग भिंतीवरच्या दिव्यावर दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले. ऑपरेशननंतरचा आणि आजचा. पहिल्यात वाटीच्या वर ढगासारखा दाणेदार चुरा दिसत होता. दुसऱ्यात नुसतं एकसंध पांढरं हाड होतं.

"वा!" सर्जन म्हणाले. "एवढं हाड गेलेल्या पेशंटमध्ये असा निकाल रोज बघायला मिळत नाही. बघा, आपण बसवलेलं हाड आता कुठं दिसतंय का?"

"कुठं गेलं?" गोजरबाईंनी विचारलं.

"तुमच्या शरीरानं खाल्लं, आजी. कण कण खाऊन त्या जागी स्वतःचं नवं हाड बांधलं. दुसऱ्याचं असं तिथं आता काही उरलेलं नाही. सगळं तुमचं." त्यांनी माझ्याकडे बघून अंगठा वर केला. "फिजिओनं चालवलं म्हणून झालं हे."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. कॉलेजात या प्रश्नाचं उत्तर मी पाठ करून लिहिलं होतं, पाच मार्कांना. बसवलेलं हाड जगत नाही, ते फक्त तोवर जागा धरून ठेवतं. पेशंट जितका चालतो तितकं ते लवकर संपतं. वर्षभर मी एक एक पाऊल मोजून घेत होते, शाब्बास म्हणत होते, आणि हे मला एकदाही आठवलं नव्हतं. मी काहीतरी कारण सांगून बाहेर आले आणि बाकावर बसले.

थोड्या वेळानं गोजरबाई आल्या. भिंतीला हात न लावता, सरळ. शेजारी बसल्या. 

"पोरी," त्या म्हणाल्या, "मी खाल्ली का गं तुझी आई?"

एक वाक्य माझ्याकडे वर्षभर तयार होतं. मावशी, ते माझ्या आईचं नव्हतंच, मी तुम्हाला चालवण्यासाठी बोलले. ते म्हटलं असतं तर त्या क्षणी त्या मोकळ्या झाल्या असत्या. मी तोंड उघडलं. पण ते वाक्य बोललं की आई कधी तिथं नव्हतीच असं झालं असतं, आणि तेवढं मला जमलं नाही. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "तिनंच दिलं होतं, मावशी. पेन मागून घेतलं होतं तिनं."

मग मी रडले. जे पुण्यानुमोदनात व्हायला हवं होतं, भाकरीचं पीठ तिच्या हातावरून पुसताना व्हायला हवं होतं, ते तिथं त्या बाकावर, औषधांच्या वासात, नंबर लावून बसलेल्या लोकांसमोर झालं. गोजरबाई माझं डोकं छातीशी धरून मोठ्यानं रडत होत्या, गावाकडे मयतावर रडतात तशा, नाव घेऊन. "भिमाबाई गं," म्हणून.

गोरक्ष फाईल घेऊन धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मॅडम, काय झालं? आपरेशन फेल गेलं का?"

"नाही," मी म्हणाले. "पास झालं."